सिद्रामआण्णांची काळी पाच

चौथे गाणे सुरू झाले तशी कुंभोजकर वकिलांनी मिटलेले डोळे उघडले आणि तर्जनी वर करून सर्वांना सावध केले. आम्ही ज्याची वाट पाहत होतो ते याच गाण्यात होते. ध्रुपद संपले, तबला एक आवर्तन एकटाच चालला आणि मग क्लॅरिनेटचा सूर वकिलांच्या दिवाणखान्यात आला. जाड, संथ, दुपारच्या जेवणानंतर चालणाऱ्या माणसासारखा.

“वा, आण्णा!” वकील म्हणाले. “मानलं तुम्हाला!”

डॉक्टर दोशींनी टाळ्या वाजवल्या. रेकॉर्ड चालू असताना टाळ्या वाजवण्यास आमच्या मंडळात मनाई होती आणि तो नियम मीच केलेला होता. पण त्या सकाळी मीही टाळ्या वाजवल्या. अकराच्या अकरा सभासद मागे वळून दाराजवळच्या खुर्चीकडे पाहू लागले.

त्या खुर्चीत सिद्राम खंदारे बसले होते. वय पन्नाशीच्या पुढे, अंगात इस्त्रीचा काळा कोट, हात गुडघ्यांवर. बार्शीत आणि आसपासच्या खेड्यांत ज्याच्याशिवाय वरात निघत नसे, त्या जयविजय ब्रास बँडचे ते क्लॅरिनेटवादक. क्लॅरिनेटचा तुकडा संपेपर्यंत त्यांनी मान तिरकी करून ऐकले आणि मग ते उभे राहिले.

“टाळ्या नका वाजवू,” ते म्हणाले. “हे माझं न्हवं.”

“काय तुमचं नव्हे?” वकिलांनी विचारले.

“ही क्लारनेट. मी वाजवल्याली न्हाई.”

रेकॉर्ड फिरत राहिली. सिद्रामआण्णांनी सर्वांना हात जोडले, “तरास दिला, माफी असावी,” म्हणाले, आणि जिना उतरून निघून गेले.

या प्रसंगाला आता चाळीस वर्षे झाली. सोलापूरच्या तंत्रनिकेतनातून विद्युत शाखेची पदविका घेऊन मी तेव्हा वीज मंडळात कनिष्ठ अभियंता होतो आणि संध्याकाळच्या वेळात बार्शीच्या श्रवणमंडळाचा चिटणीस. मंडळ वर्षाला एक रेकॉर्ड विकत घेई. एकच, म्हणून निवड चुकता कामा नये असा माझा आग्रह. पुण्याचा एक विक्रेता ओळखीवर एखादी रेकॉर्ड पंधरा दिवसांच्या बोलीने पसंतीला पाठवत असे. पटली तर ठेवायची, नाही तर ओरखडा न पाडता परत करायची. निर्णय भावनेच्या भरात होऊ नये म्हणून मी एक गुणपत्रक तयार केले होते. चाल, शब्द, गायन, वाद्यमेळ आणि ध्वनिमुद्रण. प्रत्येकास वीस गुण. सरासरी साठ किंवा अधिक आली तर खरेदी, नाही तर पार्सल. ऐकताना बोलायचे नाही. सभेची रेकॉर्ड आधी लावून पाहायची नाही आणि त्या सकाळी दुसरीही ऐकायची नाही, कारण कानांना आधीच्या गाण्याचा रंग चढतो. आणि एका रेकॉर्डची एकच सभा.

“नेर्लेकर चिटणीस झाले आणि गाण्याचा बोर्डाचा पेपर झाला,” असे वकील चारचौघांत म्हणत. पत्रक मात्र इमानाने भरत.

त्या वर्षी आलेली रेकॉर्ड होती ‘सांजेचा पाहुणा’ या चित्रपटाची. संगीतकार विश्वनाथ कोरगावकर. त्यांची दुसरी गाणी घरोघरी म्हटली जात. पण अठ्ठावन्न सालचा हा चित्रपट कोठेतरी एक आठवडा चालला आणि नाहीसा झाला. त्याची गाणी आमच्यापैकी कोणीच ऐकलेली नव्हती. इतक्या वर्षांनी ती मोठ्या रेकॉर्डवर आली, तेव्हा ती घेण्याजोगी आहे की नुसत्या नावावर खपवली जात आहे, हे ठरवायचे होते.

आणखी एक गोष्ट ठरायची होती, ती गुणपत्रकात नव्हती. सिद्रामआण्णा सव्वीस वर्षे सांगत आले होते की त्या चित्रपटाच्या वेळी आपण चार दिवस कोल्हापूरला जाऊन कोरगावकरांच्या गाण्यात क्लॅरिनेट वाजवून आलो. चित्रपट बार्शीत आलाच नाही, त्यामुळे त्यांचे सांगणे हाच एक पुरावा. वरात चहाला थांबली की कोणीतरी हटकून म्हणे, “आण्णा, ते पिक्चरमधलं होऊ द्या की!” आणि हशा पिके. आण्णाही हसत, पण तो तुकडा काही वाजवत नसत. “ते वरातीचं न्हाई,” एवढेच म्हणत. रेकॉर्ड आल्याचे कळताच वकिलांनी त्यांना सभेचे निमंत्रण धाडले. मंडळाच्या सभेला ते त्यापूर्वी कधी आले नव्हते. खरे म्हणजे आम्हीच बोलावले नव्हते.

राहिला प्लेअर. मंडळाचा जुना प्लेअर त्याच महिन्यात बंद पडला होता आणि डॉक्टर दोशींच्या शिकागोतल्या मुलाने नवा कोरा पाठवला होता. अमेरिकेतली वीज एकशे दहा व्होल्टची, आपली दोनशे तीसची. तशीच जोडली तर यंत्र जळून जाते. मी स्वतः तार गुंडाळून ट्रान्सफॉर्मर तयार केला. तीन दिवस मीटर लावून पाहिला. काटा एकशे दहावरून हलला नाही. स्पिरिट लेव्हल ठेवून तबकडी सपाट केली, सुईचा भार तोलला. आवाजाच्या चाचणीसाठी यंत्राबरोबर आलेली एक पाश्चात्य वाद्यवृंदाची रेकॉर्ड लावली. ती अतिशय गंभीर वाटली. पण पाश्चात्यांचे संगीत गंभीर असते असे मी ऐकून होतो.

असो. आण्णा गेले आणि उरलेली गाणी आम्ही कशीबशी ऐकली.

“म्हणजे सव्वीस वर्षं थापा!” डॉक्टर म्हणाले.

“आणि पुरावा समोर येताच कबुली,” वकील म्हणाले. “माझा कोर्टातला रोजचा अनुभव.”

मग रेकॉर्डवर चर्चा झाली. गायिकेचा आवाज बसलेला आहे यावर एकमत झाले. घशाला सूज असावी असे निदान डॉक्टरांनी केले. गाणी एवढी रेंगाळणारी का, याचा उलगडा कन्याशाळेच्या मुख्याध्यापिका देशमानेबाईंनी केला.

“त्याच सुमारास कोरगावकरांचे वडील गेले होते,” त्या म्हणाल्या. “प्रत्येक चालीत ते दुःख जाणवतं.”

मला हे विवेचन इतके पटले की मी ते इतिवृत्तात लिहून घेतले. सरासरी एकेचाळीस आली. रेकॉर्ड परत पाठवायचे ठरले. मुदतीचे आठ दिवस शिल्लक होते, म्हणून पार्सल मी सवडीने करणार होतो.

मंगळवारी सकाळी कचेरीला निघण्यापूर्वी मी अंगणात सायकलला हवा भरत होतो. फाटकाशी एक बाई येऊन उभ्या राहिल्या. नऊवारी लुगडे, कपाळावर रुपयाएवढे कुंकू.

“नेर्लेकरसायेब तुमीच का?”

“हो. आपण?”

“मी बँडवाल्याच्या घरातली. सुंद्राबाई. तुमच्या यंत्रानं माझ्या घरात इस्तू टाकलाय. आता तुमीच इझवा.”

मी पंप खाली ठेवला. “काय झालं बाई?”

“लगीन झालं न् पंधरा दिसांत ह्यो माणूस चार दिस घरातनं गेला. इच्यारलं, तर म्हनं कोल्हापूर. पिक्चरमधी वाजवाया. मी म्हनलं, बरं. सव्वीस वर्सं म्हनलं, बरं! सासूला सांगितलं, भावाला सांगितलं. कुनी हसलं तर नळावर हंडा आपटून भांडले. आन् आता ह्यो अकरा शान्या मानसांम्होरं सांगून आला, म्या न्हवं वाजिवलं!”

“त्यांनी खरं ते सांगितलं असेल.”

“खरं सांगितलं न्हवं का?” सुंद्राबाईंनी कमरेवर हात ठेवले. “मग ते चार दिस हुता कुटं?”

मी सायकल भिंतीला टेकवली.

“त्यांना विचारलंत?”

“मी बोलतच न्हाई. आइतवारपास्नं. ताटात भाकरी टाकती न् उठती. तुमी शिकल्यालं हाय, यंत्र तुमचं हाय. मला एवढंच सांगा, ह्यो माणूस तवा लबाड बोलला का आता बोलला?”

कचेरी सुटल्यावर मी थेट त्यांच्या घरी गेलो. आण्णा ओट्यावर बसून क्लॅरिनेटचे तुकडे सुटे करून फडक्याने पुसत होते. मला पाहताच त्यांनी पोते झटकून अंथरले. आतून भांड्यांचा आवाज येत होता. कोणीतरी गरजेपेक्षा जोराने भांडी घासत होते.

“आण्णा, स्पष्ट विचारतो,” मी म्हणालो. “तुम्ही कोल्हापूरला गेला होतात?”

“गेलतो की.”

“वाजवलंत?”

“वाजवलं.”

“मग रेकॉर्डवर आहे ते—”

“ते माझं न्हवं.”

आत पातेले आदळले. “ऐका, सायेब! वाजिवलंबी, आन् ह्यांचंबी न्हवं!”

आण्णांनी आवाज खाली आणला. “चार दिस झालं असंच चाललंय. माझ्याशी न्हाई, भिताडाशी बोलती.” चार कुठले, दोनच दिवस झाले होते; पण मी दुरुस्ती केली नाही.

“सगळे टाळ्या वाजवत होते,” मी म्हणालो. “सर्वांनी मान्य केलं होतं. तुम्ही नुसते गप्प बसला असतात तरी झालं असतं.”

आण्णांनी माझ्याकडे नवलाने पाहिले. “माझं नसल्यालं मी कसं घिऊ? कुनाचं तरी हायच की ते. त्यानंबी आपल्या घरी सांगितलं असंल.”

मी पोत्यावर जरा पुढे सरकलो. मग विचारले, “पण तुमचं नाही, हे कशावरून? सव्वीस वर्षांत माणूस स्वतःचं वाजवणं विसरू शकतो.”

“पट्टीवरनं,” ते म्हणाले. “कोरगावकर मास्तरांनी ते गानं काळी पाचात बांधलं हुतं. मुद्दाम. म्हनले, खंदारे, तुझ्या वाद्याची घरची पट्टी हाय, मोकळा वाजव. आन् रेकॉर्डवरची क्लारनेट पांढरी पाचात बोलती. मी तवाच वळखलं. मी माघारी आल्यावर मास्तरांनी पट्टी उतरवून दुसऱ्या कुनाकडनं वाजवून घेतलं असनार.” फडके हातात तसेच राहिले. “माझं पसंत पडलं नसंल.”

आत भांडी घासायची थांबली होती.

गाणाऱ्याची पट्टी पेटीच्या काळ्या-पांढऱ्या स्वरांच्या क्रमांकाने सांगतात, एवढे मला ठाऊक होते. त्यापुढचे ज्ञान बेताचेच.

“पांढरी पाच ते काळी पाच, किती अंतर?”

“तीन सूर.”

“बरोबर तीन? की साधारण तीन?”

सिद्रामआण्णांनी क्लॅरिनेट जोडली, पातीला जिभेने ओल दिली आणि एक लांब सूर धरला. “ही काळी पाच.” मग बोटे बदलून खालचा सूर धरला. “आन् हे रेकॉर्डवरचं. तीन. केसाचा फरक न्हाई.”

“आणि बाकीची गाणी?”

“त्यांची पट्टी मला काय ठावं? पर समदीच जड वाटली. बाई तर बाप्यावानी गात हुती.”

घरी येऊन मी तंत्रनिकेतनातले ध्वनीवरचे पुस्तक काढले. पेटीवर एक सूर वर चढले की कंपने सुमारे सहा टक्क्यांनी वाढतात. तीन वेळा वाढवून पाहिली. जवळजवळ एकास एक पूर्णांक दोन. म्हणजे पाचास सहा. आकडा नीटनेटका होता, पण त्याचे काय करावे ते कळेना. चूक असती तर ती वेडीवाकडी निघाली असती. ही एवढी सरळ कशी?

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी उपकेंद्रात मिळाले. दर तासाला यंत्रांचे आकडे नोंदवायचे असत. मी रोजच्यासारखे व्होल्ट लिहिले, अँपिअर लिहिले आणि तिसऱ्या रकान्यात विजेची कंपने लिहिली, सेकंदाला पन्नास. त्या रकान्यात मी आयुष्यात दुसरे काही लिहिलेच नव्हते. वर पाहण्याचीही गरज पडत नसे. त्या दिवशी तो आकडा लिहून मी रेघ ओढणार, तेवढ्यात पेन थांबले.

आपली वीज सेकंदाला पन्नास वेळा कंप पावते. अमेरिकेतली साठ वेळा. आणि प्लेअरची मोटर कंपने मोजत फिरते. व्होल्टशी तिच्या गतीचा संबंध नाही. माझ्या ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट उतरवले होते. कंपने उतरवणे वा चढवणे त्याच्या हातात नाही, हे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. साठच्या जागी पन्नास; सहाच्या जागी पाच. तबकडी संथ फिरत होती, आणि तिच्यावरचे सारे, गायिका, तबला, क्लॅरिनेट, बरोबर तीन सुरांनी खाली उतरले होते. मी कचेरीतून वकिलांकडे गेलो आणि प्लेअर उलटा करून पाहिला. बुडाशी पत्र्याची पट्टी होती. पहिल्या ओळीत व्होल्ट, दुसऱ्या ओळीत साठ. ती ओळ मी ट्रान्सफॉर्मर करताना वाचलीही होती. वाचून पुढे गेलो होतो.

“काय हो, जमिनीवर बसून काय चाललंय?” वकील पक्षकारांना वाटेला लावून आत आले.

मी सर्व सांगितले. सांगताना कान तापले होते. गावात विजेतले अडले तर लोक मला विचारत.

“थांबा,” वकील म्हणाले. “म्हणजे आरोपी निर्दोष?”

“आरोपी बहुधा निर्दोष. साक्षीदार खोटा.”

“साक्षीदार कोण?”

“मी.”

वकील हसू लागले ते चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले. “आणि ते कोरगावकरांचे वडील?”

“वारले असतील. पण चालीत नाहीत.”

“आणि बाईंच्या घशाची सूज?”

“ती मी आणली.”

“नेर्लेकर,” वकील चष्मा घालत म्हणाले, “तरी अडचण आहेच. एका रेकॉर्डची एकच सभा. नियम तुमचा.”

“नियमात दुरुस्ती सुचवतो. यंत्र सदोष असल्यास सभा झालीच नाही असे समजावे.”

“लेखी द्या.”

मी तेथेच बसून लेखी दिले.

गावातली वीज काही मला बदलता येणार नव्हती, पण मोटरच्या दांड्याची जाडी बदलता येत होती. दांडा एक पंचमांशाने जाड केला की तबकडी तेवढीच वेगाने फिरेल. एका कारखान्यातल्या लेथवर पितळेची पातळ नळी कातून घेतली आणि दांड्यावर घट्ट बसवली. मग पुठ्ठ्याची चकती कापून तिच्या कडेला कोनमापकाने एकशे ऐंशी रेघा आखल्या. अशी चकती फिरत्या तबकडीवर ठेवून ट्यूबलाइटच्या उजेडात पाहिली आणि गती बरोबर असली, तर रेघा फिरत असूनही जागच्या जागी उभ्या दिसतात. शनिवारी दुपारी त्या उभ्या राहिल्या. ‘सांजेचा पाहुणा’ मात्र मी लावून पाहिली नाही. सभेपूर्वी ऐकायचे नाही म्हणजे नाही.

त्याच संध्याकाळी दोघांना निमंत्रण द्यायला गेलो. घडले ते मी आण्णांना समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

“पर सायेब,” ते म्हणाले, “यंत्र बरोबर झाल्यावरबी माझं न निघालं तर? पट्टी आली म्हनून वाजवनारा मीच, असं थोडंच हाय?”

“नाही निघालं तर तेही कळेल.”

“मला कळलं तर चालंल वो.” त्यांनी आतल्या दाराकडे नजर टाकली. “हिकडं कळलं तर कठीन हाय.”

“मी येनार हाय!” आतून आवाज आला. “आन् म्होरं बसनार हाय!”

रविवारी दहाला सुंद्राबाई खरोखरच पहिल्या रांगेत, प्लेअरच्या समोर, देशमानेबाईंच्या शेजारी बसल्या. आण्णा पुन्हा दाराजवळ. मी सर्वांसमोर माझी चूक वाचून दाखवली, इतिवृत्तात नोंदवली आणि सुई ठेवली.

पहिल्याच ओळीला दिवाणखान्यात खुसखुस झाली. मागच्या रविवारची ती थकलेली प्रौढा गेली होती आणि विशीतली एक मुलगी खिदळत गात होती.

“घसा बरा झाला,” डॉक्टर म्हणाले.

देशमानेबाईंनी माझ्याकडे पाहिलेही नाही. दाराजवळून आण्णा स्वतःशीच पुटपुटले, “पट्टी आली.”

दुसरे गाणे झाले, तिसरे झाले. खरे सांगायचे तर दोन्ही सामान्य होती. चुकीच्या गतीनेच त्यांना जरा भारदस्तपणा आला होता. मग चौथे. ध्रुपद संपले, तबल्याचे आवर्तन आता चटपटीत गेले, आणि क्लॅरिनेट सुरू होण्याच्या आधी एक बारीकसा आवाज आला. नाकाने, दोन टप्प्यांत ओढलेला श्वास. मागच्या वेळी तो आम्हाला जाणवला नव्हता. ओरखड्याची खरखर म्हणून सोडून दिला असावा. त्यापाठोपाठ क्लॅरिनेट आली, उजळ, मोकळी, जत्रेला निघालेल्या माणसासारखी.

सुंद्राबाई ताडकन उठल्या. “थांबवा! परत लावा!”

मी सुई उचलली. सभेत सुई उचलण्याची मनाई होती. तोही नियम माझाच. रेषेचा अंदाज घेऊन ती पुन्हा ठेवली. तबला, मग तो श्वास.

“ह्यो! ऐकला का?” सुंद्राबाईंनी सगळ्यांकडे वळून विचारले. “सूं-सूं. दोनदा. लांबलचक वाजवायच्या आदी ह्यो माणूस असाच नाकातनं वारं वढतो. झोपंतबी असाच वढतो.”

देशमानेबाईंनी पदर तोंडाला लावला. वकील छताकडे पाहू लागले.

“हसा की,” सुंद्राबाई म्हणाल्या. “वाजिवनारा कुनीबी असंल. पर ह्यो स्वास माझ्या घरातला हाय.”

आण्णांचे इकडे लक्ष नव्हते. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि गुडघ्यावर बोटे हलत होती; रेकॉर्डवरचा प्रत्येक सूर बोटांखालून जात होता, एकही मागे-पुढे होत नव्हता. तुकडा संपला, गायिका परत आली, गाणे संपले. तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

“ठेवलं की मास्तरांनी,” ते म्हणाले. “काढलं न्हाई.”

त्यानंतर बराच वेळ टाळ्या वाजल्या. मी थांबवल्या नाहीत.

उरलेली गाणी ऐकून झाल्यावर पत्रके वाटली. बारावे पत्रक मी आण्णांना दिले. त्यांनी पेन्सिल मागून घेतली आणि सर्वांत जास्त वेळ लावून ते भरले. मी बेरीज केली. सभासदांचे मन भरून आले होते. बहुतेकांनी साठीच्या पुढे गुण दिले होते. मी स्वतः अठ्ठावन्न दिले होते. आण्णांचे पत्रक शेवटी होते. एकूण अडतीस. वाद्यमेळासमोर अकरा, आणि कंसात लिहिले होते : ‘पेटी बेसूर. क्लारनेट बरी.’

सरासरी एकोणसाठ पूर्णांक पाच आली.

“आण्णा!” वकील कळवळून म्हणाले. “अहो, सहा गुण वाढवा की! तुमची रेकॉर्ड आहे!”

“कशातलं वाढवू?” आण्णांनी खरोखरच विचारले. “त्यातली चार गानी भरतीची हायती, वकीलसायेब. मास्तर घाईत हुते, आमी डोळ्यानं बघितलंय. तुमी वर्साला एक घेता. मंडळाला दुसरी बगा, चांगली.”

वकिलांनी माझ्याकडे पाहिले, मी पत्रकांकडे. शेवटी इतिवृत्तात मी लिहिले : ‘खरेदी नामंजूर.’ त्या मंडळात मी नऊ वर्षे चिटणीस होतो. इतके अचूक पत्रक पुन्हा माझ्या हाती आले नाही.

“झालं का तुमचं?” सुंद्राबाईंनी विचारले. “तुमाला नगं न्हवं? मग ती मला द्या. पैसं उद्या आनून देती.”

“तुमच्या घरी प्लेअर आहे?”

“न्हाई.”

“मग रेकॉर्ड घेऊन काय कराल? ऐकणार कशावर?”

“ऐकाया कशाला पायजे? सव्वीस वर्सं ऐकतीच हाय मी. टरंकंत ठिवीन. नळावर कुनी काय बोललं, तर नेऊन दावीन.”

मी रेकॉर्ड पुसली, कागदी पिशवीत आणि मग पाकिटात घातली आणि त्यांच्या हाती दिली. आण्णांनी ती धरायला हात पुढे केला. सुंद्राबाईंनी दिली नाही. पदराखाली घेऊन त्या जिन्याकडे निघाल्या, पहिल्या पायरीवर थांबल्या आणि मागे न पाहता म्हणाल्या, “चला की. भाकऱ्या कवा थापायच्या मी?”

आण्णांचा एक पाय चपलेत होता, दुसरा बाहेर. त्यांनी माझ्या दंडाला धरले.

“सायेब,” ते हळूच म्हणाले, “बोलली!”

आणि दुसरी चप्पल हातात घेऊनच ते जिना उतरले.